न केलेले अर्ज

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 26 जून 1978 च्या एका निकालपत्रात एका भाडेपट्ट्याची तारीख दिली आहे: 22 जानेवारी 1968. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलच्या डोक्यावरची मोकळी जागा मनोरा बांधायला देण्याचा हा करार. मुदत 50 वर्षं, पुढे वाढवता येण्याजोगी. जागा देणारी कंपनी, निकालपत्राप्रमाणे, पेन सेंट्रल. आता गंमत अशी की पेन सेंट्रल अस्तित्वात आली ती 1 फेब्रुवारी 1968 ला, न्यू यॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया या दोन जुन्या रेल्वे कंपन्या एक झाल्या तेव्हा. म्हणजे लग्नाला दहा दिवस बाकी असताना सासरच्या नावाने सही. यात लबाडी काही नाही. टर्मिनल न्यू यॉर्क सेंट्रलचं होतं आणि दहा वर्षांनी निकाल लिहिताना वारसदार कंपनीचं नाव घालणं सोयीचं होतं. पण तारखेपाशी थांबलं की दुसरी एक गोष्ट दिसते. या लग्नातल्या दुसऱ्या पक्षाच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या, 1910 च्या भव्य स्टेशनावर 28 ऑक्टोबर 1963 ला हातोडा पडायला सुरुवात झाली होती. ज्या कायद्याने पुढे ग्रँड सेंट्रलचा करार अडवला, त्याला त्या पाडापाडीने बळ दिलं.

महापौर रॉबर्ट वॅग्नर यांनी 19 एप्रिल 1965 ला त्या कायद्यावर सही केली. लँडमार्क्स प्रिझर्वेशन कमिशन नावाचा आयोग त्याने नेमला आणि दोन तऱ्हेचे अधिकार दिले. एखादी सुटी वास्तू यादीत घालायची, किंवा अख्खा परिसरच ‘ऐतिहासिक’ म्हणून जाहीर करायचा. ब्रुकलिन हाइट्स हा असा पहिला परिसर. तो त्याच वर्षी जाहीर झाला. दोन्हींत मालकी मालकाकडेच राहते. त्याच्यावर बंधनं दोन: बाहेरची बाजू डागडुजी करून नीट ठेवायची, आणि बाहेरच्या रूपाला हात लावायचा तर आधी आयोगाची परवानगी घ्यायची. मोबदल्याची तरतूद नाही. मिळकतीच्या आकारणीवर वर्षाला सहा टक्के निव्वळ परतावा सुटत नसेल, तर मात्र मालकाला आयोगाकडे दाद मागायची सोय होती.

सुटी वास्तू आणि परिसर यांतला फरक कायद्याच्या भाषेत किरकोळ वाटतो, मालकाच्या खिशाला तसा वाटत नाही. परिसरात तुमचे हात बांधले जातात, पण शेजाऱ्याचेही बांधले जातात. तुम्हाला मजला चढवता येत नाही, तसा तुमच्या खिडकीसमोर त्यालाही चढवता येत नाही. सुट्या वास्तूच्या मालकाला ही भरपाई नाही. चहूबाजूंनी मनोरे उठतात आणि त्याची एकट्याची इमारत आहे तेवढीच राहते. ग्रँड सेंट्रलचं नेमकं हेच झालं होतं. उत्तरेला पॅन ॲम बिल्डिंगचा मनोरा उभा राहिला होता, पूर्वेला कमोडोर हॉटेल होतं आणि मध्ये 1913 साली खुली झालेली आठ मजली इमारत. मूळ आराखड्यात तिच्यावर वीस मजली कार्यालयं धरलेली होती, ती कधी बांधलीच गेली नाहीत. वर काही बांधणं हे मूळ कल्पनेला धरूनच होतं, असं मालकाने म्हटलं तर ते निराधार ठरत नाही.

2 ऑगस्ट 1967 ला आयोगाने टर्मिनल यादीत घातलं. 21 सप्टेंबरला शहराच्या बोर्ड ऑफ एस्टिमेटने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मालकाने आयोगापुढे विरोध केला होता, पण शिक्का बसल्यावर न्यायालयात आव्हान दिलं नाही. हा पहिला न केलेला अर्ज. भाडेपट्टा झाला तो त्यानंतर चार महिन्यांनी, म्हणजे इमारत यादीत आहे हे पुरतं ठाऊक असताना.

पट्टा घेणारी कंपनी यूजीपी प्रॉपर्टीज, एका ब्रिटिश कंपनीची उपकंपनी. बांधकाम चालेल तोवर वर्षाला 10 लाख डॉलर आणि नंतर दरसाल किमान 30 लाख डॉलर भाडं द्यायचं तिने कबूल केलं. नव्या इमारतीमुळे टर्मिनलमधले काही भाडेकरू उठणार होते आणि त्यांचं 7 ते 10 लाख डॉलरांचं निव्वळ उत्पन्न बुडणार होतं. तेवढं वजा केलं तरी भर घसघशीतच. भाडेपट्टा होऊन अडीच वर्षं होत नाहीत तोच, 21 जून 1970 ला, पेन सेंट्रलने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे आधी ठाऊक असलं की 30 लाखांचा आकडा लोभाचा वाटेनासा होतो. बुडत्याने धरलेला तो हात होता.

आराखडे मार्सेल ब्रॉयर यांनी केले. पहिल्यात 55 मजल्यांचा मनोरा टर्मिनलच्या छतावर टेकवलेला, 42 व्या रस्त्याकडचा दर्शनी भाग तसाच ठेवलेला. दुसऱ्यात तो दर्शनी भागच पाडायचा, उरलेल्यातली काही वैशिष्ट्यं खरवडून काढायची आणि 53 मजले उभारायचे. 1968 च्या सप्टेंबरमध्ये आयोगाने पहिल्या टप्प्यावर नकार दिला. नंतरच्या अर्जावर चार दिवस सुनावणी चालली, ऐंशीहून जास्त साक्षी झाल्या, आणि पुन्हा नकार. आयोगाचं लेखी उत्तर वाचण्यासारखं आहे, कारण सरकारी कागदाला सहसा नसतो तसा त्याला राग आहे. दुसऱ्या आराखड्याला त्यांनी दोन वाक्यांत उडवलं: वास्तू जपायची म्हणजे ती पाडायची नसते, आणि तिची वैशिष्ट्यं टिकवायची म्हणजे ती सोलून काढायची नसतात. पहिल्यावर ते जास्त थांबले. जुन्या इमारतींत भर घालण्याला आपला सरसकट विरोध नाही, पण भव्य दर्शनी भागावर मनोरा तोलून धरणं ही सौंदर्याची निव्वळ थट्टा आहे, असं त्यांनी लिहिलं. ही ‘भर’ मुळापेक्षा चौपट उंच होती. तिच्या पायाशी टर्मिनल एक चमत्कारिक वस्तू होऊन बसलं असतं.

इथे आणखी दोन अर्ज राहून गेले. आयोगाच्या नकाराविरुद्ध कंपनीने न्यायालयात दाद मागितली नाही, आणि लहान मनोऱ्याचा आराखडा घेऊन ती पुन्हा आयोगाकडे गेली नाही. चौपट नको तर दीडपट चालेल का, हे कुणी विचारलंच नाही. त्याऐवजी कंपनीने थेट दावा लावला की शहराने आमची मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घेतली आणि संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे द्यायचा मोबदला दिला नाही.

खालच्या न्यायालयात आयर्विंग सेपोल यांच्यासमोर कंपनी जिंकली. हेच सेपोल 1951 च्या रोझेनबर्ग हेरगिरी खटल्यात सरकारी वकील होते. जानेवारी 1975 मध्ये त्यांनी कायद्याचा बडगा टर्मिनलवरून उचलला आणि नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे ढकलला. शहराच्या तिजोरीत तेव्हा खडखडाट होता, अपील करायचं की नाही याचीच धास्ती. जॅकलिन केनेडी ओनॅसिस यांनी महापौरांना हाताने लिहिलेलं पत्र, टर्मिनल बचाव समिती, 1978 च्या एप्रिलमध्ये सुनावणीच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनला नेलेली खास आगगाडी, हे सगळं या काळातलं आणि लोकांच्या आठवणीत राहिलेलंही हेच आहे. निकालपत्रात त्यातलं काही नाही. तिथे आहेत हिशेबाच्या वह्या.

आणि वह्यांनीच कंपनीचा घात केला. टर्मिनल तोट्यात चालतं असा तिचा दावा होता. डिसेंबर 1975 मध्ये अपिलातल्या पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी तो फेटाळला, तो दोन कारणांवर. एक, रेल्वे चालवण्याचा काही खर्च आणि कर कंपनीने जागेच्या खात्यावर टाकले होते. दोन, टर्मिनलमधली प्रचंड जागा कंपनी स्वतःच्याच गाड्यांसाठी वापरत होती, पण तिचं भाडं म्हणून एक छदामही जमेला धरलेला नव्हता. दुकानदाराने घरचा किराणा दुकानातून न्यायचा, तो कुठे लिहायचा नाही आणि वर्षअखेरीला दुकान बुडालं म्हणायचं, त्यातला हा प्रकार. 1977 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि हवं तर खाली जाऊन जास्तीचा पुरावा द्या, अशी मुभाही दिली. कंपनीने ती घेतली नाही. ती थेट वॉशिंग्टनला गेली. हा चौथा न केलेला अर्ज.

वॉशिंग्टनमध्ये तिने आणखी एक पाऊल मागे घेतलं. या खटल्यापुरतं आम्ही मान्य करतो, असं म्हणत तिने दोन गोष्टी कबूल केल्या: टर्मिनल आहे त्या स्थितीत रास्त परतावा देऊ शकतं, आणि न वापरलेले बांधकाम-हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्याची जी सोय शहराने दिली आहे तिला काही किंमत आहे. कंपनीला प्रश्न शुद्ध तत्त्वाचा करायचा होता: छतावरची हवा ही वेगळी मालमत्ता, ती पूर्ण गेली, मोबदला द्या. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी हे नाकारलं. हवेचा तुकडा कापून वेगळा काढायचा आणि तो शंभर टक्के गेला म्हणायचं, हे चालणार नाही. मिळकत अखंड बघायची. मालकाला आर्थिक झळ किती, त्याने कोणत्या अपेक्षेने पैसा गुंतवला होता, आणि सरकारी कृतीचं स्वरूप काय, असे तीन प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी ठेवले. लहान इमारतीचा अर्ज तर तुम्ही केलाच नाही, याची आठवणही करून दिली. तळटीपेत एक दारही उघडं ठेवलं: उद्या टर्मिनल खरोखरच परवडेनासं झालं तर पुन्हा या.

कंपनीचा सगळ्यात जड मुद्दा मात्र ‘परिसरा’चा होता. झोनिंग किंवा ऐतिहासिक परिसर हे ठीक, कारण तिथे ओझं सगळे वाहतात आणि फायदाही सगळ्यांना मिळतो. आम्हाला एकट्याला का निवडलं? ब्रेनन यांचं उत्तर असं की शहरभर 400 हून जास्त वास्तू आणि 31 ऐतिहासिक परिसर एकाच योजनेखाली जाहीर झाले आहेत, हे काही एकट्याला वेचणं नव्हे. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी तोच आकडा उलटा धरला. शहरात इमारती दहा लाखांहून जास्त, त्यांतून 400. हा खर्च सगळ्या नागरिकांवर वाटला तर माणशी वर्षाला काही सेंट पडतील, मग तो एकाच्या माथी का?

मला हा हिशेब आजही अनुत्तरित वाटतो. ब्रेनन यांच्या तीन प्रश्नांनी तो सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. निकाल मला तरीही बरोबर वाटतो, कारण रेन्क्विस्टना हवा तो खटला समोर नव्हताच. परतावा मिळतो हे मालकच कबूल करत होता.

आपल्याकडे हा मुद्दा जरा वेगळ्या जागी दुखतो. न वापरलेलं बांधकाम दुसऱ्या भूखंडावर नेण्याचा हक्क म्हणजे टीडीआर, हे मुंबईकराला समजवावं लागत नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो आणला, 1995 च्या वारसा नियमांनी तो वारसा वास्तूंच्या मालकांनाही देऊ केला. पण टर्मिनलच्या वह्या तपासणारी कसोटी गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या मालकाला लावून बघा. 1947 च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी 1940 च्या पातळीला खिळवली. अशा चाळीचा रास्त परतावा वारसा यादीने बुडवला म्हणायचं की तो आधीच बुडालेला होता? पेन सेंट्रलने तोटा कागदावर रंगवला होता. इथे तो खरा असतो, पण त्याचं कारण दुसऱ्याच कायद्यात असतं, आणि यादी नको म्हणणाऱ्या मालकाच्या तोंडी ते सहसा येत नाही, कारण त्याची नजर भाड्यावर नसून पुनर्विकासावर असते.

‘काही किंमत आहे’ असं कबूल केलेल्या त्या बांधकाम-हक्कांचं पुढे काय झालं, हेही कागदोपत्री आहे. नियम असा होता की हक्क शेजारच्या किंवा एकाच मालकीच्या सलग भूखंडांच्या साखळीतून पुढे नेता येतात. एका विकासकाने ही साखळी जमिनीखालच्या रेल्वेमार्गांच्या मालकीतून जोडून दाखवली आणि मॅडिसन अॅव्हेन्यूवर गगनचुंबी इमारत मागितली. 1989 मध्ये शहराने ती नाकारली. 1992 मध्ये टर्मिनलभोवती खास उपविभाग आखून हक्क विकायची वाट थोडी रुंद केली.

मग 2015 मध्ये शहराने व्हँडरबिल्ट अॅव्हेन्यूच्या पट्ट्यात, म्हणजे टर्मिनलच्या पश्चिमेला अगदी लागून, स्टेशनाच्या सुधारणांच्या बदल्यात जास्तीचं बांधकाम देऊ केलं. तिथल्या विकासकाला टर्मिनलची हवा विकत घ्यायची फारशी गरजच उरली नाही. टर्मिनलच्या तेव्हाच्या मालक कंपनीने 100 कोटी डॉलरहून मोठा दावा लावला. तक्रार जुनीच: आमची मालमत्ता मोबदल्याशिवाय घेतली. 2016 मध्ये दावा आपसात मिटला आणि 2020 मध्ये वन व्हँडरबिल्ट हा 1,401 फुटांचा मनोरा खुला झाला. प्रकरण तडजोडीत संपल्यामुळे या वेळी निकालपत्र नाही.