ड्रेडनॉटची कुळकथा

इंग्रजीतील ‘ड्रेडनॉट’ या नावाची फोड केली तर ‘ज्याला कशाचीही धास्ती नाही असा’ हा सरळ अर्थ निघतो, आणि इंग्रजांच्या आरमारात हे नाव पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीपासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. 1588 साली स्पेनच्या आर्मादाशी झुंजलेल्या गलबतांत एक ड्रेडनॉट होते. 1805 साली ट्रफाल्गारच्या लढाईत त्याच नावाचे दुसरे होते. परंतु ही सारी विशेषनामे. 1906 साली या नावाची जी नौका पाण्यात उतरली तिने मात्र व्याकरणच पालटून टाकले. दोन-तीन वर्षांच्या आत ‘ड्रेडनॉट’ हे एका अखंड जातीचे सामान्यनाम झाले, आणि त्यापूर्वीच्या साऱ्या जंगी नौका, अगदी कालपरवा गोदीतून बाहेर पडलेल्यासुद्धा, ‘ड्रेडनॉटपूर्व’ या एका शब्दाने मोडीत निघाल्या. या नावाची व वस्तूची कुळकथा सांगावीशी वाटते ती याचसाठी, की निर्भयतेचे बिरुद मिरवणारी ही वस्तू साम्राज्यांच्या परस्परभयातून जन्मली, आणि जन्मल्यानंतर तिने भयाखेरीज फारसे काही प्रसवले नाही.

10 फेब्रुवारी 1906 रोजी पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत सातव्या एडवर्ड बादशहाच्या हस्ते तिचे जलावतरण झाले. राणी अलेक्झांड्राचे वडील, डेन्मार्कचे राजे नववे ख्रिस्तियन, थोड्याच दिवसांपूर्वी निवर्तले होते. त्यामुळे समारंभाचा थाट आवरता घेण्यात आला होता. नौकेची बांधणी अधिकृतपणे सुरू झाली होती 2 ऑक्टोबर 1905 रोजी, म्हणजे चार महिन्यांपूर्वी. आणि एका वर्षानंतर, ऑक्टोबर 1906 मध्ये, ती चाचणीसाठी समुद्रात गेलीसुद्धा. एवढे मोठे जहाज बांधावयास त्या काळी तीन-तीन वर्षे लागत. ही घाई साधण्यासाठी दुसऱ्या दोन नौकांसाठी तयार होत असलेल्या तोफा व त्यांचे बुरूज उचलून हिच्यावर चढविण्यात आले. 527 फूट लांबी, सुमारे 18,000 टन वजन, 11 इंच जाडीचे पोलादी चिलखत, पाच फिरत्या बुरुजांत मिळून 12 इंची 10 तोफा आणि ताशी 21 सागरी मैलांचा वेग, असा तिचा तपशील होता. आधीच्या पिढीतील नौकांवर 12 इंची तोफा चारच असत. खर्च आला सुमारे 18 लक्ष पौंड.

हिचे पितृत्व एका माणसाकडे जात नाही. कल्पनेचा एक जनक इटलीचा नौकाशिल्पी व्हित्तोरिओ कुनिबेर्ती. एकाच मापाच्या अनेक अवजड तोफा असलेल्या जहाजाचा आराखडा त्याने प्रथम आपल्याच सरकारपुढे ठेवला. तेथे तो मंजूर झाला नाही, तेव्हा 1903 साली इंग्लंडमध्ये निघणाऱ्या जेन यांच्या युद्धनौकाविषयक वार्षिकात ‘ब्रिटिश आरमारासाठी आदर्श नौका’ म्हणून त्याने तो प्रसिद्ध केला. या विचारामागचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. जुन्या नौकांवर चार मोठ्या तोफा आणि त्यांच्या जोडीला मध्यम मापाच्या पुष्कळशा तोफा असा संमिश्र सरंजाम असे. लढाई जवळून होत होती तोवर हे ठीक होते. परंतु टॉर्पेडोच्या भीतीने अंतर मैलामैलाने वाढू लागले, तसतसा नेम साधण्याचा एकच मार्ग उरला. गोळा पाण्यात पडून उसळणारा स्तंभ दुर्बिणीतून न्याहाळावयाचा, आणि त्यावरून पुढच्या गोळ्याचा पल्ला कमी-अधिक करावयाचा. निरनिराळ्या मापांच्या तोफा एकाच वेळी धडधडू लागल्या की कोणता स्तंभ कोणत्या तोफेचा हे ओळखणे अशक्य होई. सर्व तोफा एकाच मापाच्या असल्या म्हणजे हा घोळ मिटत होता. रशिया व जपान ही दोन साम्राज्ये कोरिया आणि मांचुरियावरील वर्चस्वासाठी एकमेकांवर तुटून पडली, त्या युद्धात ऑगस्ट 1904 मध्ये पीत समुद्रावर दूर पल्ल्याच्या तोफांची ही लढाई जगाने प्रथम पाहिली. आणि मे 1905 मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी नौसेनापती टोगोने अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेल्या रशियन आरमाराचा जो निःपात केला, त्याने लंडनमध्ये आधीच तयार झालेल्या मसुद्यावर शिक्कामोर्तब झाले.

दुसरा वारसा यंत्राचा. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे आरमाराची भव्य पाहणी चालू असताना चार्ल्स पार्सन्स या यंत्रविशारदाने आपली ‘टर्बिनिया’ नावाची चिमुकली आगबोट त्या शिस्तबद्ध रांगांमधून अशी भरधाव हाकली की पाठलागावर सोडलेल्या गस्तीच्या नौकांना ती गाठता आली नाही. तिच्या पोटात दट्ट्यांची धडधडणारी जुनी यंत्रे नव्हती, वाफेच्या झोताने गरगर फिरणारे टर्बाइन होते. जुनी यंत्रे पूर्ण वेगात काही तास चालली की तापत, खिळखिळी होत. टर्बाइन शांतपणे चालत राही. एखाद्या मोठ्या जंगी नौकेत ते बसविण्याचा धोका प्रथम ड्रेडनॉटने पत्करला.

आणि ही सारी बीजे एकत्र आणून त्यांना सरकारी खजिन्याचे पाणी घालणारा पुरुष म्हणजे जॉन फिशर. सिंहलद्वीपात 1841 साली जन्मलेला हा मनुष्य ऑक्टोबर 1904 मध्ये ब्रिटिश आरमाराचा प्रमुख झाला, आणि आल्याबरोबर त्याने दीडशेच्या वर जुनी जहाजे निकालात काढली. त्याच्या कर्तबगारीविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु जर्मन आरमार वाढण्यापूर्वीच, 1807 साली कोपनहेगन येथे ब्रिटिशांनी डेन्मार्कच्या आरमाराची जी गत केली तशीच युद्ध न पुकारता त्याची करावी, असा सल्ला त्याने प्रत्यक्ष बादशहाला दिला होता, आणि बादशहाने तो झिडकारला होता. ज्या साम्राज्याच्या आरमाराला जगात तोड नव्हती त्याच्या सेनानीच्या मनात एवढी भीती घर करून होती, ही गोष्ट मला त्या नौकेच्या तोफांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

या भीतीचे मूळ आणखी मागे जाते. समुद्रावर ज्याची सत्ता त्याचेच राज्य निर्वेध, हा विचार मराठी वाचकास नवा नाही. आपला ‘आरमार’ शब्दही पोर्तुगीज ‘आर्मादा’च्याच कुळातला, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हणून स्थान आहेच. अमेरिकन नाविक अधिकारी आल्फ्रेड महान याने 1890 साली हाच विचार इतिहासाच्या आधारे मांडला, तेव्हा जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म त्या ग्रंथाने झपाटून गेला. जर्मनी हे उशिरा एकवटलेले राष्ट्र. आफ्रिका व आशियाची वाटणी बहुतेक आटोपल्यावर ते पंक्तीला बसले. 1897 साली त्याने चीनचा किआऊ-चाऊ उपसागर बळकावला आणि त्याच वर्षी आल्फ्रेड टिर्पिट्झ आरमारखात्याचा मंत्री झाला. 1898 आणि 1900 अशा दोन कायद्यांनी त्याने बलाढ्य आरमाराची पायाभरणी केली. त्याचा हिशेब असा होता की हे आरमार ब्रिटिशांएवढे नसले तरी चालेल. त्याच्याशी लढताना ब्रिटनचे इतके नुकसान व्हावे की तिसऱ्याच शत्रूपुढे तो दुबळा ठरेल, एवढे ते असले की पुरे. या धाकाने ब्रिटन नमते घेईल असे त्याला वाटले. ब्रिटनने 1889 पासूनच, आपल्या मागोमागच्या दोन आरमारांच्या बेरजेएवढे आपले आरमार असावे, हा दंडक घालून घेतला होता. त्यामुळे नमते न घेता त्याने 1904 साली फ्रान्सशी व 1907 साली रशियाशी जुने वसाहतीचे तंटे मिटवून टाकले. टिर्पिट्झच्या गणितातला तो तिसरा शत्रू अशा रीतीने ब्रिटनचा मित्र झाला.

ड्रेडनॉटचा सर्वांत दूरगामी परिणाम तिच्या कर्त्यांनी पुरता जोखला होता असे वाटत नाही. तिने जगातील सारी आरमारे एका फटक्यात जुनाट ठरविली खरी, परंतु त्यांत सर्वांत मोठे आरमार ब्रिटनचेच होते. शतकाची आघाडी पुसली गेली आणि शर्यत जणू शून्यापासून सुरू झाली. जर्मन गोद्या वर्षभर नवे आराखडे करीत थांबल्या, आणि 1907 साली ‘नास्साऊ’ची बांधणी सुरू झाली. 1909 साली जर्मनी गुप्तपणे घाई करीत आहे या वदंतेने इंग्लंडमध्ये असा गहजब उडाला की चार नौकांचा विचार करणाऱ्या मंत्रिमंडळाला अखेर आठ मंजूर कराव्या लागल्या, तेही वृद्धांच्या निवृत्तिवेतनासाठी पैसा उभा करावयाच्या वर्षी. 1912 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला जाऊन आले. जर्मनीला तटस्थतेचे वचन हवे होते, ब्रिटनला नव्या नौकांना आळा हवा होता, आणि दोघांनाही हवे ते मिळाले नाही. मग ब्रिटनने भूमध्य समुद्रातील मोठ्या नौका मायदेशी आणल्या, फ्रान्सने आपल्या नौका ब्रेस्टहून तूलाँला हलविल्या. दप्तरातील कोणत्याही करारात न लिहिलेले एक बंधन अशा रीतीने निर्माण झाले. 2 ऑगस्ट 1914 रोजी, बेल्जियमच्या सरहद्दीवर जर्मन पाऊल पडण्यापूर्वी दोन दिवस, फ्रान्सच्या उघड्या उत्तर किनाऱ्याचे रक्षण करण्याचे वचन ब्रिटिश मंत्रिमंडळाला द्यावे लागले ते त्यामुळेच.

युद्धाची ठिणगी बाल्कनमध्ये पडली, समुद्रावर नाही, हे खरे. ऑस्ट्रिया व रशिया यांच्या वैरावाचून ती पेटली नसती. परंतु ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनातून जगभर वणवा पसरला त्याचे इंधन बरीच वर्षे रचले जात होते. नव्या नौका मावाव्यात म्हणून जर्मनीने कील कालवा रुंद केला, आणि 24 जून 1914 रोजी त्याचे पुन्हा उद्‌घाटन झाले. त्या उत्सवासाठी चार ब्रिटिश ड्रेडनॉट पाहुण्या म्हणून कीलच्या बंदरात नांगरून होत्या. अधिकारी एकमेकांच्या पंगतीला बसत होते. चार दिवसांनी कैसर आपल्या शर्यतीच्या नौकेवर असताना साराएवोतील त्या खुनाची वार्ता तेथे येऊन थडकली.

ज्या निर्णायक लढाईसाठी हे सारे चालले होते ती झालीच नाही. 31 मे 1916 रोजी जटलंडजवळ दोन्ही बाजूंची सुमारे 250 जहाजे भिडली, साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि समुद्र पूर्वी ज्याचा होता त्याचाच राहिला. मूळ ड्रेडनॉट त्या दिवशी दुरुस्तीला गेली होती. तिच्या नावावर युद्धातला एकच बळी आहे: 18 मार्च 1915 रोजी धडक देऊन बुडविलेली एक जर्मन पाणबुडी. 1921 साली ती भंगारात विकली गेली.

पण तिच्या वंशावळीची एक शाखा आपल्या दारापर्यंत येते. तुर्कस्तानने लोकवर्गणीच्या पैशाने इंग्लंडमध्ये बांधल्या जात असलेल्या दोन ड्रेडनॉटची किंमत भरली होती. ‘सुलतान उस्मान’ ताब्यात घेण्यासाठी तुर्की खलाशी टाइन नदीवर येऊन थांबले असताना ऑगस्ट 1914 च्या प्रारंभी ब्रिटिश आरमारमंत्री चर्चिलने दोन्ही जप्त केल्या. वर्गणी भरलेल्या सामान्य तुर्कांच्या मनात त्याने जे पेटले त्याचा लाभ जर्मनीने घेतला; दोन जर्मन युद्धनौका इस्तंबूलला आश्रयास आल्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तुर्कस्तान युद्धात उतरले. त्यापूर्वीच, नव्या ड्रेडनॉट कोळशाऐवजी तेलावर चालणार असल्यामुळे जून 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने इराणातील तेलकंपनीचे निम्म्याहून अधिक भाग खरेदी केले होते. त्या तेलाच्या बंदोबस्तासाठी इराणच्या आखातात धाडण्यास जवळची फौज होती ती पुणे डिव्हिजन. 6 नोव्हेंबर 1914 रोजी तिची पहिली तुकडी फाव येथे उतरली. तीत 117 वी मराठा पलटण होती, मागाहून 103 वी व 110 वी आल्या. कोकणातील व देशावरील शेतकऱ्यांची ही मुले बसरा घेऊन टायग्रिसच्या काठाने बगदादच्या उंबरठ्यापर्यंत गेली, मागे हटली आणि सेनापती टाउनशेंडच्या सैन्याबरोबर कूत-अल-अमारा येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात उपाशी राहिली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 लोकांनी शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत त्यांतले हजारो दगावले. त्यांतील बहुतेकांनी ड्रेडनॉट हे नावही ऐकले नसेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकट्या गावातील 46 जण त्या महायुद्धातून परत आले नाहीत.