चिंचेतलं आम्ल आणि कांद्यावरची काजळी

कांदा सोलताना सालीखाली काजळीसारखी काळी भुकटी हाताला लागते ना, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची बुरशी असते. आपण ती नळाखाली धुऊन टाकतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चरचा शिष्य ज्यूल रोलँ याने मात्र ती मुद्दाम वाढवली आणि तिला काय काय लागतं याचा हिशेब १८६९ साली मांडला.

त्याच्या कृतीत दीड लिटर पाण्याला ७० ग्रॅम खडीसाखर होती आणि ४ ग्रॅम टार्टारिक आम्ल. (चिंचेला आंबट करणारं तेच.) साखर समजू शकते, पण आंबट कशाला? कारण गोड पाण्यात बुरशीच्या आधी जिवाणू हातपाय पसरतात. त्यातल्या बहुतेकांना आंबट सोसत नाही, या बुरशीला सोसतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सरळ फिल्टर म्हणू.

पण आंबट म्हणजे किती? लिटमस फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगे. सुटसुटीत आकडा मिळाला १९०९ साली, आणि तो बिअरवाल्यांकडून! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एंझाइमांवर काम करताना सोरेन सोरेन्सनने पीएच मांडला. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट.

आज पिकांवरच्या बुरश्या वाढवायला बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज आणि आगर सर्रास वापरतात. त्याचा पीएच ५.६. जिवाणू नको असतील तर टार्टारिक आम्ल घालून तो ३.५ वर आणतात. फरक दोन अंकांचा दिसतो, पण हिशेब केला तर आम्लता सुमारे सव्वाशे पट वाढलेली असते. आम्ल घालायचं ते अगदी शेवटी. आंबट झालेलं आगर पुन्हा तापवलं तर नीट गोठत नाही.

मला धास्ती वाटते ती डाळिंबाची. मर रोग बुरशीमुळे येतो, तेल्या जिवाणूमुळे. तेल्याच्या डागाचा तुकडा फक्त आंबट थाळीत ठेवला, तर खरा गुन्हेगार उगवणारच नाही. उगवेल ती डागावर मागाहून येऊन बसलेली एखादी बुरशी. तिलाच आरोपी धरलं, की शेतकरी बुरशीवरचं औषध फवारत बसणार आणि तेल्या बागभर फिरणार. म्हणून अशा नमुन्यासाठी पीएच ७ च्या आसपासची, आम्ल न घातलेली थाळीही शेजारी लावावी लागते.