मेरिडिथ ग्रेचे घर

‘ग्रेज ॲनाटॉमी’ या अमेरिकी मालिकेची (एबीसी वाहिनी, २००५ पासून, निर्मिती शोंडा ऱ्हाइम्स) नायिका मेरिडिथ ग्रे हिचे सिॲटलमधील बालपणीचे घर. मालक तिची आई, नामवंत शल्यविशारद एलिस ग्रे. पहिल्याच भागात आईच्या सामानाची खोकी जागोजागी पडलेली दिसतात. एलिसला अल्झायमर झाल्याने ती शुश्रूषागृहात आहे आणि मेरिडिथला घर विकायचे आहे. विकण्याऐवजी ती इझी आणि जॉर्ज या सहकाऱ्यांना भाडेकरू म्हणून घेते.

या घराचे मर्म त्याच्या स्वयंपाकघरात आहे. प्रियकर रिचर्ड वेबर सोडून गेल्यावर एलिसने तिथे आत्महत्येचा प्रयत्न केला आणि पाच वर्षांच्या मेरिडिथने तो पाहिला. मग आई तिला घेऊन बॉस्टनला गेली. आपण कुणाला नकोच आहोत, ही मेरिडिथची धारणा इथलीच. एलिस तेव्हा गरोदर होती. त्या गर्भातली मुलगी मॅगी पुढे बहीण म्हणून याच घरात राहायला येते. मालिकेतले हे सर्वांत समंजस वळण म्हणावे लागेल.

मधल्या काळात घर सहकारी ॲलेक्सकडे गेले. पती डेरेकच्या मृत्यूनंतर मेरिडिथने ते परत घेतले आणि २०१५ मध्ये आतली भिंत घणाने पाडली. २०२२ च्या भागात वीज पडून घराला आग लागली. बाह्यदृश्यातले घर सिॲटलच्या क्वीन ॲन टेकडीवर प्रत्यक्ष उभे आहे. आतल्या खोल्या मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतल्या.