पवनार : साडेचार तास

या गोष्टीतला शेतकरी कल्पनेतला आहे. त्याच्या घरी झालेला उशीर मात्र खेड्यापाड्यांत नेहमीचा.

सकाळी ६.२० धाम नदीकाठच्या पवनारात कपाशी वेचायला आज किती बाया येतील, हे चहा पिता पिता तो बोलत होता. बोलता बोलता बशी निसटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली होती. मोठी धमनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

६.४० "अशक्तपणा असंल, पडू द्या जरा." कुणीतरी साखरपाणी पाजलं. ठसका लागला. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात उतरू शकतं.

७.३० लकवा आहे हे सगळ्यांना कळलं. तेल तापलं, हातपाय चोळले गेले. बिघाड मेंदूत आणि उपचार हातापायांवर! सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं इथून जवळ. १०८ ची गाडी फुकट. अंतराची सबब पवनारला नाही, म्हणूनच हा तास फार जिवाला लागतो.

८.४५ गाडी निघाली, ती लकव्याचं औषध देणाऱ्याच्या गावाकडे.

१०.३० अखेर रुग्णालय. आधी सीटी स्कॅन, कारण गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जीव जाऊ शकतो.

१०.५० स्कॅन होईतो ते औषध देण्याची मुदत संपली. १९९५ च्या अमेरिकी चाचणीने ही मुदत ३ तास ठरवली होती, २००८ च्या युरोपीय चाचणीने ती साडेचारवर नेली. नळी घालून गुठळी ओढून काढणं काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत जमतं, पण त्याची सोय मोजक्याच ठिकाणी आहे.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली निष्कर्ष छापून आले : दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा, आणि बहुतेक मृत्यू घरीच झालेले.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा, १०८ लावा, तोंडात काही घालू नका. झोपेतून उठताना दिसलं, तर माणूस शेवटचा धडधाकट कधी होता ते आठवा. रुग्णालयात पोचताच पहिलं वाक्य त्या वेळेचं असू द्या.