हत्याराचे पोलाद : धार व टिकाऊपणा
पात्याला धार किती सहज लागते आणि किती टिकते, हे मुख्यतः पोलादातील कार्बन व दिलेले पाणी (तापवून एकदम थंड करणे) यांवर ठरते. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा परिसरात कोयता आणि कुऱ्हाड ही माडिया गोंडांची नित्याची हत्यारे. बांबू तोडताना त्यातील सिलिकेमुळे धार झिजते. पेरावर तिरका घाव बसला, तर फार कडक पात्याचा टवका उडतो. म्हणून येथे कडकपणाहून चिवटपणा मोलाचा. गावोगावचे लोहार त्यासाठी मालमोटारीचे जुने कमानपाटे घडवतात. त्यांत कार्बन सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो. पाणी दिल्यावर पाते पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा काढावाच लागतो. लोहाराचे खरे कसब इथेच. अशा पात्याची गेलेली धार कानशीने किंवा नदीतल्या दगडावरही परत येते, मात्र गंजू नये म्हणून पावसाळ्यात तेलाचा हात हवा.

घडीच्या स्वस्त चाकूंतील ४२० जातीचे पोलाद सुमारे १३ टक्के क्रोमियममुळे सहसा गंजत नाही; त्याची धार लवकर लागते आणि लवकर जाते. डी-२ जातीच्या पोलादात कार्बन सुमारे १.५ व क्रोमियम १२ टक्के. त्यातील कठीण कार्बाइडमुळे धार दीर्घकाळ टिकते, पण बोथट झाल्यावर साधा दगड पुरत नाही, हिरकणीची पट्टी लागते. जंगलातील कामाला कमानपाट्याचे पोलादच सरस.