सप्तर्षींचे वय : हिस्सेबोराळा शिलालेखाच्या निमित्ताने

वाशीम जिल्ह्यातील हिस्सेबोराळा येथील शिलालेख वाकाटक नृपती देवसेन याच्या राजवटीतील होय. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही या शाखेची राजधानी. सुदर्शन नामक तलावाची नोंद करणाऱ्या या लेखात काल दोन प्रकारे दिला आहे : शक ३८० (इ. स. ४५७-५८), आणि सप्तर्षी ‘उत्तरां’त असताना.

‘उत्तरा’ हे पद संदिग्ध आहे. फल्गुनी, आषाढा व भाद्रपदा या तिन्हींना ते लागते. निर्णय गणिताने होतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृद्धगर्गाला अनुसरून सांगितले आहे की, युधिष्ठिराच्या राज्यकाळी सप्तर्षी मघांत होते, प्रत्येक नक्षत्री त्यांचा वास शंभर वर्षे असतो, आणि तो काल शकापूर्वी २५२६ वर्षांचा. तेव्हा ते मघांच्या आरंभी होते असे धरून २५२६ मध्ये ३८० मिळवावे व २७०० वर्षांचे एक आवर्तन वजा करावे, २०६ उरतात. मघा व पूर्वा फल्गुनी यांची शतके सरून उत्तरा फल्गुनीचे चालू झालेले असते. वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्यापूर्वीच ही गणना विदर्भात रूढ होती, याला येथे दगडाची साक्ष आहे.

आकाशात मात्र असे काही घडत नाही. सप्तर्षी नक्षत्रचक्रातून फिरत नाहीत. ही गणना परंपरेची, वेधांची नव्हे. तथापि त्यांना स्वतःची अतिमंद गती आहे, आणि तीही कालमापनाच्या उपयोगी पडते. पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस व वसिष्ठ हे पाच एकाच दिशेने चालले आहेत, असे रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये दाखविले. सहगामी तारे बहुधा सहजात असतात; म्हणून त्यांचे वयही एकच मानता येते.

ते वय प्रकाशातून वाचावे लागते. हे तारे शुभ्र व तप्त आहेत, सूर्याहून अधिक वस्तुमानाचे; असे तारे आपले इंधन लवकर संपवितात, म्हणजे ते फार जुने असू शकत नाहीत. अचूक आकडा काढणे मात्र अवघड. वेगाने फिरणारा तारा विषुववृत्ताशी फुगून तेथे थंड पडतो व ध्रुवांशी तप्त राहतो. तो कोणत्या बाजूने दिसतो, यावर त्याचे भासमान तेज ठरते. मौंट विल्सन येथील व्यतिकरणमापकाने अशा ताऱ्यांचे आकार मोजून २०१५ मध्ये समूहाचे वय सुमारे ४१ कोटी वर्षे ठरविण्यात आले. सूर्याचे वय ४६० कोटी आहे.

क्रतु व मरीचि या समूहातले नव्हेत. सप्तर्षींच्या गणनेत न येणारी, वसिष्ठाजवळची अंधुक अरुंधती मात्र आहे.