कवटीच्या तळाच्या कॉर्डोमावरील किरणोपचार

कॉर्डोमा ही भ्रूणातील पृष्ठरज्जूच्या अवशेषांपासून उद्भवणारी, सावकाश वाढणारी दुर्मीळ कर्करोगाची गाठ आहे. कवटीच्या तळाशी ती मस्तिष्कस्तंभ व दृष्टिचेतांना लागून असल्याने शस्त्रक्रियेने क्वचितच पूर्ण निघते आणि उरलेल्या पेशींपासून पुन्हा वाढते. या पेशी किरणांना सहज दाद देत नाहीत. त्यामुळे ७० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा द्यावी लागते. दृष्टिचेतांना मात्र सुमारे ५५ ग्रेपुढे इजेचा, प्रसंगी अंधत्वाचा धोका वाढत जातो. क्ष-किरण गाठ भेदून पलीकडे जातात, तर प्रोटॉन बहुतेक ऊर्जा ठरावीक खोलीवर सोडून थांबतात. म्हणून येथे प्रोटॉनांना पसंती मिळते. तरीही गाठ चेतेला चिकटलेली असल्यास काही मिलिमीटर अंतर मिळवण्यासाठी आधी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रोटॉन विभागात २०२३पासून रुग्णांवर उपचार होतात.